वाचकांचे प्रश्न : क्यूबन सिगार, क्यूबाबाहेरचे सिगार आणि बदलत जाणारी आवड

क्यूबात वळलेले सिगार आणि क्यूबाबाहेर वळलेले सिगार यांच्यासंबंधी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच कोडे दिसते : काल आवडणारा सिगार आज का रुचत नाही, आणि मध्यंतरी मनातून उतरलेला पुन्हा का हवासा वाटतो? पत्रे लांबलचक होती, म्हणून त्यांचा सारांश दिला आहे.

प्रश्न : माझी सुरुवात डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सौम्य सिगारने झाली. पुढे निकाराग्वाच्या सिगारची गोडी लागली आणि आता मी जवळजवळ तेच ओढतो. अलीकडे एका स्नेह्याने आग्रहाने दिलेले क्यूबन सिगार मला अगदी फिके वाटले. ज्यांची एवढी वाखाणणी होते त्यांत मला काहीच सापडत नसेल, तर माझी जीभ बिघडली असे समजावे का?

उत्तर : जीभ बिघडलेली नाही, सरावलेली आहे. सिगारची चव असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. जीभ स्वतः गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढेच ओळखते. लाकूड, कातडे, कोको, भाजलेले दाणे, ओली माती ही सगळी ओळख नाकाची, आणि तीही धूर तोंडातून मागच्या मागे नाकाकडे चढतो तेव्हाच नीट पटते. तिसरी गोष्ट म्हणजे मिरीसारखा चटका. तो धड चव नाही आणि धड वासही नाही. तोंडातल्या आणि नाकातल्या आवरणाची ती हलकीशी जळजळ असते व ती मेंदूपर्यंत नेणारी मज्जातंतूंची वाटही वेगळी असते. या तिन्हींत लक्ष पहिल्यांदा वेधून घेतो तो चटका, आणि रोजच्या सवयीने लवकर बोथट होतो तोही चटकाच. तिखट खाणाऱ्याला जसे दर महिन्याला आणखी थोडे तिखट लागू लागते, तसेच इथे घडते.

निकाराग्वात एस्तेलीच्या काळ्या, कसदार जमिनीत वाढलेल्या तंबाखूत हा चटका मुबलक असतो. हालापाच्या पानांत गोडवा अधिक आणि ओमेतेपे या ज्वालामुखींच्या बेटावरच्या पानांची तऱ्हा त्याहून निराळी, पण कित्येक मिश्रणे करतानाच अशी योजना केलेली असते की पेटवल्यावर पहिल्या बोटभर भागातच मिरीचा झणका यावा, म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला सिगारची ओळख तिथल्या तिथे पटते. क्यूबन सिगारची चाल बहुधा उलटी असते. पहिले काही झुरके कोरडे आणि काहीसे संकोची लागतात, वाळलेल्या गवताची आणि लाकडाची झाक येते. एक तृतीयांश भाग जळून गेल्यावर मात्र ओठांवर किंचित खारटपणा जाणवू लागतो, मागून मधाची आणि जुन्या कातड्याची आठवण करून देणारा वास येतो आणि सिगार ओढणारे ज्याला ‘ट्वँग’ म्हणतात तो आंबूस-मातकट सूर उमटतो. जो माणूस सुरुवातीच्या झणक्याची वाट पाहत बसतो, त्याचे लक्ष हे सगळे येण्याच्या आधीच उडालेले असते.

दुसरी शक्यता अशी की, आपल्याला मिळालेला सिगार मुळातच हलक्या बांध्याचा असावा. क्यूबन सिगार म्हणजे एकच चव हा समज आपल्या पत्रात दिसतो, आणि तो बऱ्याच जणांचा असतो. होयो दे मोंतेरे आणि एच. उपमन यांची ख्याती सौम्यपणासाठी आहे. बोलिवार, पार्तागास आणि रामोन आयोनेस हे छाप त्याच बेटावरचे असूनही चांगलेच भारदस्त लागतात. निकाराग्वाच्या सिगारवर पोसलेल्या जिभेने क्यूबाची ओळख होयो दे मोंतेरेपासून करून घेऊ नये, पार्तागासच्या सेरी डी क्रमांक ४ सारख्या सिगारपासून करून घ्यावी, असे माझे मत आहे. त्याआधी दोन-तीन आठवडे नेहमीचा कडक सिगार बाजूला ठेवता आला तर उत्तम. आणि एक गोष्ट जरूर करून पाहावी : तीन-चार झुरक्यांनंतर तोंडातल्या धुराचा थोडासाच भाग छातीत न घेता नाकावाटे सोडावा. क्यूबन सिगारमध्ये जे सापडत नाही असे आपण लिहिता, त्यातले बरेचसे तिथे सापडेल. तरीही सापडले नाही, तर ते सिगार आपल्यासाठी नाहीत असे म्हणून मोकळे व्हावे. कुणाच्या वाखाणणीखातर धूर काढत बसण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझे नेमके उलट झाले आहे. बरीच वर्षे क्यूबाबाहेरचे जाड आणि गडद सिगार ओढल्यावर आता तेच जड वाटतात, आणि बारीक क्यूबन सिगारकडे मन ओढ घेते. वय झाल्याचे हे लक्षण आहे का?

उत्तर : वयाचा थोडा हात असेल, पण मला इथे मापाचा हात जास्त दिसतो. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात आणि एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. मारेवा या नावाने ओळखले जाणारे क्यूबाचे माप ४२ रिंगचे आणि १२९ मिलिमीटर लांबीचे असते. अमेरिकी बाजारात रूढ झालेला जाड सिगार ६० रिंगचा असतो. हे दोन आकडे जवळजवळ वाटतात, पण छेदाचे क्षेत्रफळ काढले तर ६० रिंगचा सिगार ४२ रिंगच्या दुपटीहून किंचित अधिक भरतो. म्हणजे दर झुरक्याला आत जळणाऱ्या पानांचा भाग वाढतो, आणि बाहेरून गुंडाळलेल्या एका पानाचा, म्हणजे रॅपरचा, वाटा तेवढाच घटतो. रॅपर हे सिगारमधले सर्वांत निवडक पान. बारीक सिगारमध्ये त्याचा स्वर स्पष्ट ऐकू येतो, जाड सिगारमध्ये तो बुडतो. आपल्याला जो नाजूकपणा क्यूबन वाटतो आहे, त्यातला काही भाग निव्वळ बारीकपणाचा असण्याचा संभव आहे. डॉमिनिकन किंवा होंडुरासचा कोरोना किंवा लान्सेरो या बारीक मापांचा सिगार मिळाला तर ओढून पाहावा. माझे म्हणणे तपासण्याचा तो सोपा मार्ग आहे.

क्यूबा मात्र बारीक सिगारचे माहेरघर म्हणून थांबून राहिलेला नाही. गेल्या काही दशकांत तिथली अनेक बारीक मापे बंद झाली आणि नवे सिगार जाड होत गेले. २०१० साली आलेल्या कोहिबा बेहिकेची मापे ५२, ५४ आणि ५६ रिंगची आहेत. क्यूबाबाहेर घडलेली आवड क्यूबाच्या कारखान्यांना आपल्याकडे खेचून घेते आणि त्याच वेळी क्यूबाबाहेरचे काही कारागीर जुन्या बारीक मापांकडे परततात, असे हे उलटसुलट चालले आहे.

प्रश्न : आता मी पूर्वीपेक्षा कमी, पण अधिक कडक सिगार ओढतो. धूर छातीत घेत नाही. यात अपाय कमी आहे ना?

उत्तर : तशी खात्री देता येणार नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे त्यातले निकोटीन तोंडाच्या आवरणातूनच रक्तात उतरते. छातीत घेण्याची गरज पडत नाही. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका सिगार ओढणाऱ्यांत वाढतो हे प्रस्थापित आहे, आणि एका मोठ्या सिगारमधली तंबाखू सिगारेटच्या पूर्ण पाकिटातल्या तंबाखूएवढी भरू शकते. क्यूबन की निकाराग्वन, याने या हिशेबात फरक पडत नाही. मुद्दाम धूर नाकाकडे नेण्याविषयी मी वर लिहिले आहे ते चव ओळखण्यापुरते. तो सुरक्षित मार्ग म्हणून कुणी घेऊ नये.

प्रश्न : जुने शौकीन म्हणतात की खरी क्यूबन चव आता क्यूबात उरलेली नाही, ती निकाराग्वात आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गेली. यात तथ्य किती आणि स्मरणरंजन किती?

उत्तर : दोन्ही पुरेसे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सप्टेंबर १९६० मध्ये क्यूबाच्या सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. ज्यांच्या घराण्यांची नावे या धंद्याशी जोडलेली होती, त्यांतले अनेक जण बेट सोडून गेले. मोंतेक्रिस्तो आणि एच. उपमन हे छाप सांभाळणारी मेनेंदेस आणि गार्सिया ही कुटुंबे कॅनरी बेटांकडे वळली. पार्तागासचे सिफुएन्तेस घराणेही बाहेर पडले. पिनार देल रिओ प्रांतात तंबाखूच्या शेतीत वाढलेल्या होसे ओरलान्दो पाद्रोन यांनी १९६४ साली मायामीत सिगार वळायला सुरुवात केली आणि पुढे निकाराग्वात बस्तान बसवले. या लोकांबरोबर बियाणे, पाने आंबवण्याच्या पद्धती आणि वळणाऱ्यांची सफाई बाहेर गेली. माती मात्र जागच्या जागी राहिली. क्यूबाच्या पश्चिम टोकाला व्हुएल्ता आबाखो नावाचा जो पट्टा आहे, त्यातल्या सान लुईस आणि सान हुआन इ मार्तीनेस या भागांतल्या तांबूस वाळूमिश्रित जमिनीची बरोबरी होंडुरासच्या हामास्त्रान खोऱ्यात किंवा डॉमिनिकन रिपब्लिकच्या सिबाओ खोऱ्यात होत नाही. त्याच बियाण्याचे रोप तिथे वेगळे पान देते. ते पान कमी प्रतीचे असते असे नाही, पण ते क्यूबाचे होत नाही.

आता दुसरी बाजू. क्यूबातसुद्धा जुने पान राहिलेले नाही. १९७९-८० च्या सुमारास ब्लू मोल्ड या बुरशीने तिथल्या पिकाची धूळधाण केली. रॅपरसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले कोरोखो वाण या रोगाला सहज बळी पडे, म्हणून १९९० च्या दशकात त्याची जागा रोगाला तोंड देणाऱ्या संकरित वाणांनी घेतली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात जगभर मागणी भडकली, उत्पादन घाईने वाढवले गेले आणि आत पाने दाटीवाटीने भरलेले, ओढताना गाल दुखतील असे क्यूबन सिगार बाजारात आले. त्या काळात कितीतरी निष्ठावंत क्यूबाबाहेरच्या सिगारकडे वळले, आणि ते चवीमुळे वळले नव्हते. धूरच येत नसेल तर चवीची चर्चा कशाला करायची? पुढे क्यूबाच्या कारखान्यांत झुरका किती मोकळा येतो ते मोजणारी यंत्रे आली आणि परिस्थिती सुधारली, पण एकदा मोडलेली सवय सगळ्यांचीच परत जुळली नाही.

आवडीचे हे सरकणे एका छापाच्या इतिहासात अगदी जवळून पाहता येते. जिनीव्हाचे सिगारविक्रेते झिनो दाविदोफ यांच्या नावाचे सिगार आधी हवानात वळले जात. क्यूबाच्या सरकारी कंपनीशी दर्जावरून वाद झाला, १९८९ साली दाविदोफ यांनी निकृष्ट ठरवलेले एक लाखाहून अधिक सिगार जाळून टाकले आणि १९९० पासून त्यांच्या सिगारचे उत्पादन डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सुरू झाले. नाव तेच, सिगारभोवतीची पांढरी पट्टी तीच, काही मापेही तीच. पण फिकट, रेशमी रॅपरचा हा नवा सिगार मलईसारखा मऊ लागे, जुन्याचा मातकट कणखरपणा त्यात नव्हता. काही जुन्या गिऱ्हाइकांनी त्याला कायमचा रामराम ठोकला. ज्यांनी हवानातले दाविदोफ कधी ओढलेच नव्हते त्यांच्यासाठी मात्र ‘दाविदोफची चव’ म्हणजे हीच मऊ चव झाली, आणि पुढे त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हवानातला जुना दाविदोफ आला तर तो त्यांना रांगडा वाटला असेल. जिभेचे माप पहिल्या भेटीत ठरते ते असे.

१९९० चे दशक आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये चांगले रॅपर पिकूच शकत नाही असा धंद्यात ठाम समज होता. सिगार बनवणाऱ्या फुएन्ते घराण्याने तिथेच रॅपर पिकवले आणि १९९५ साली सर्व पाने त्याच देशातली असलेला ओपस एक्स बाजारात आणला. त्याच्या एक वर्ष आधी पाद्रोन यांची १९६४ अ‍ॅनिव्हर्सरी मालिका आली होती, तीही संपूर्ण निकाराग्वाची. या दोन सिगारनंतर क्यूबाबाहेरच्या मंडळींनी क्यूबाची नक्कल करणे जवळजवळ सोडून दिले. म्हणून ‘खरी क्यूबन चव’ निकाराग्वात गेली हे मला पटत नाही. निकाराग्वात निकाराग्वाची चव तयार झाली, आणि ज्यांना ती आवडली त्यांनी तिला जुन्या प्रेमाचे नाव दिले.

प्रश्न : कोहिबा, मोंतेक्रिस्तो आणि पार्तागास ही नावे क्यूबन सिगारवरही दिसतात आणि डॉमिनिकन सिगारवरही. त्यांचा काही संबंध असतो का?

उत्तर : नावापुरता. राष्ट्रीयीकरणानंतर जुन्या छापांच्या हक्कांचे दोन फाटे झाले : क्यूबा सरकारकडचे हक्क बहुतेक जगात चालतात, तर अमेरिकेत तीच नावे वेगळ्या कंपन्यांकडे आहेत. कोहिबाची गोष्ट किंचित निराळी, कारण तो छाप क्रांतीनंतरचा, १९६६ सालचा. अमेरिकेत त्याच नावाची नोंदणी तिथल्या कंपनीने करून घेतली. अमेरिकी कोहिबाच्या पट्टीवर ‘ओ’ या अक्षरात लाल ठिपका असतो. चवीच्या दृष्टीने या जोडनावांची तुलना करणे व्यर्थ आहे. पाने वेगळी, देश वेगळा, मिश्रण वेगळे.

प्रश्न : मी क्यूबन सिगारची पेटी घेतली. उघडताच अमोनियाचा उग्र दर्प आला आणि पहिला सिगार तुरट, कडवट लागला. त्याच्याच शेजारी ठेवलेला निकाराग्वाचा सिगार सुरेख होता. पेटी खोटी असेल का?

उत्तर : केवळ दर्पावरून पेटी खोटी ठरत नाही. वळताना पाने ओलसर करून घ्यावी लागतात आणि त्यानंतर सिगारच्या पोटात आंबण्याची क्रिया मंदपणे चालूच राहते. अमोनिया हे तिचेच उत्पादन आहे. क्यूबाचे सिगार पुष्कळदा कोवळ्या वयात बाजारात येतात. पेटीच्या तळाशी कारखान्याची सांकेतिक खूण आणि भरल्याचा महिना व वर्ष यांचा शिक्का असतो. महिना स्पॅनिश नावाच्या पहिल्या तीन अक्षरांत लिहितात. तो शिक्का काही महिन्यांपूर्वीचाच असेल, तर आपण कच्चा सिगार पेटवला असे समजावे.

क्यूबाबाहेरच्या अनेक नामवंत कारखान्यांची रीत याच्या उलट आहे : मुरवण्याचा काळ ते वळण्याआधीच उरकून घेतात. वर उल्लेखिलेल्या पाद्रोनच्या १९६४ मालिकेतली तंबाखू चार वर्षे मुरवलेली असते. क्यूबातही पाने मुरवतात, त्यातल्या कडक लिगेरो पानाला तर किमान दोन वर्षे ठेवतात, तरी तयार सिगारला घरी आणखी मुरू द्यावे ही तिथल्या गिऱ्हाइकाकडून जणू गृहीतच धरलेली अपेक्षा आहे. आपल्या शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन सिगारमध्ये देशाचा फरक होता तसाच वयाचाही होता, आणि आपण दोन्हींचा निकाल एकाच दिवशी लावला. माझ्या समजुतीप्रमाणे क्यूबन सिगारवर रुसलेल्या निम्म्या लोकांचे भांडण खरे तर त्याच्या वयाशी असते.

पेटी १८ ते २० अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. ह्युमिडॉरमधली, म्हणजे ओलावा राखणाऱ्या सिगारच्या पेटाऱ्यातली, सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असावी असे सर्रास सांगतात. क्यूबाबाहेरच्या तेलकट, जाड रॅपरच्या सिगारना ती चालते, पण क्यूबन सिगार ६२ ते ६५ टक्क्यांत अधिक नीट जळतात, ओढही मोकळी राहते. दोन्ही प्रकार एकाच ह्युमिडॉरमध्ये असतील तर ६५ टक्के ही तडजोड बरी. दर सहा महिन्यांनी एक सिगार ओढून पाहावा. पहिले वर्ष बहुधा निराशेचे जाते. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान साधारण मापाचे सिगार उजळून निघतात. एवढा धीर ज्याच्याजवळ नाही त्याने क्यूबाबाहेरचा सिगार घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : बंदी नसती तर क्यूबन सिगारची एवढी मिजास राहिली असती का?

उत्तर : अमेरिकेत कदाचित राहिली नसती. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये क्यूबाशी व्यापार तोडला. स्वाक्षरी करण्याआधी त्यांनी आपले प्रसिद्धिसचिव पिएर सॅलिंजर यांना पेती उपमन सिगार जमवायला सांगितले, आणि बाराशे सिगार हाती आल्यावरच कागद पुढे ओढला, ही हकिकत सॅलिंजर यांनी स्वतः सांगितली आहे. त्या दिवसानंतर अमेरिकेत सिगार ओढायला शिकलेल्या पिढ्यांची जीभ जमैका, होंडुरास आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या पानांवर घडली. क्यूबन सिगार त्यांना क्वचित, प्रवासात आणि काहीशा चोरट्या आनंदाने भेटला. २०१५ साली प्रवाशांना सामानातून असे सिगार आणण्याची मुभा मिळाली, २०२० मध्ये ती पुन्हा काढून घेण्यात आली. युरोपात चित्र उलटे राहिले : तिथे क्यूबन सिगार हीच नित्याची गोष्ट, आणि निकाराग्वाचा सिगार ही अलीकडची नवलाई. म्हणून अमेरिकी शौकीन प्रौढपणी क्यूबाकडे वळतो आणि युरोपीय शौकीन त्याच वयात क्यूबापासून दूर जाताना दिसतो. दोघेही आपापल्या परीने नवे काही शोधत असतात.

अलीकडे मात्र कुतूहलापेक्षा टंचाई आणि किंमत यांचा जोर वाढला आहे. २०२२ साली कोहिबा आणि त्रिनिदाद या क्यूबन छापांच्या किमती जगभर एकाच, चढ्या पातळीवर आणल्या गेल्या; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इयन चक्रीवादळाने पिनार देल रिओमधली पाने वाळवण्याची कोठारे मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त केली. जे युरोपीय गिऱ्हाईक एरवी क्यूबाबाहेर पाहतही नव्हते, तेही त्यानंतर निकाराग्वाच्या पेट्या उघडू लागले. अशा वळणाला आवड बदलली असे म्हणणे घाईचे होईल. आधी हात वळतो, जीभ मागाहून येते. पण बऱ्याचदा ती येते, हेही खरे.

प्रश्न : नाव आणि पट्टी यांच्या दडपणाशिवाय माझी खरी आवड कोणती हे मी कसे ठरवावे?

उत्तर : पट्ट्या काढून ओढावे. क्यूबन आणि क्यूबाबाहेरचा असे दोन सिगार एकाच मापाचे घ्यावेत. ५० रिंगचा, सुमारे १२४ मिलिमीटरचा रोबुस्तो दोन्हीकडे सहज मिळतो. दोन्ही किमान महिनाभर एकाच आर्द्रतेत ठेवावेत. पट्ट्या दुसऱ्या कुणाकडून काढून घ्याव्यात आणि कोणता कोणता हे त्या व्यक्तीने कागदावर लिहून ठेवावे. ओठांत धरायच्या टोकावर पानाची जी टोपी बसवलेली असते, ती पाहून ओळखण्याचा प्रयत्न करू नये. तीन पदरांची टोपी ही एके काळी क्यूबाची खूण मानत, आता निकाराग्वाचे कारागीरही तशीच टोपी बसवतात.

टोक कापल्यावर न पेटवता दोन-तीन झुरके घ्यावेत आणि जे जाणवेल ते लिहावे, कारण या थंड झुरक्यात चटका जवळजवळ नसतो आणि पानाची मूळ जात बरीच उघडी पडते. मग पेटवून एक-एक तृतीयांश भागाची नोंद वेगळी ठेवावी. ‘छान’ किंवा ‘दमदार’ असे शब्द लिहू नयेत, कारण महिन्याने वाचताना त्यांतून काहीच हाती लागत नाही; ओठ खारट झाले का, धूर नाकात टोचला का, शेवटच्या तृतीयांशात कडवटपणा आला का, मध्येच पुन्हा पेटवावा लागला का, एवढे लिहिले तरी पुरे. शक्य असल्यास प्रत्येकी एक जादा सिगार घेऊन तो न पेटवता धारदार पात्याने उभा चिरून पाहावा. मध्यभागी जाड, गडद, तेलकट पान दिसेल ते लिगेरो. ते सावकाश जळते आणि जोर देते. त्याभोवतीची फिकट पाने वास आणि ज्वलन सांभाळतात. क्यूबन सिगारमध्ये ही सगळी पाने एकाच बेटावरची असल्यामुळे रंगांत नातलगपणा दिसतो, तर क्यूबाबाहेरच्या सिगारमध्ये इक्वेडोरचे गुळगुळीत रॅपर, आत मेक्सिकोचे किंवा इंडोनेशियाचे बांधणारे पान आणि पोटात दोन-तीन देशांची भरण असे संमेलनच भरलेले असू शकते. एकाच जमिनीतून काढलेली चव आणि निरनिराळ्या जमिनी एकत्र आणून बांधलेली चव, यांतले आपल्याला काय भावते हा खरा प्रश्न आहे, आणि चिरलेला सिगार पाहिल्यावर तो स्वतःला विचारणे सोपे जाते.

दोन सिगार एकाच दिवशी ओढू नयेत. पहिल्याच्या निकोटीनचा आणि चटक्याचा परिणाम दुसऱ्यावर होतो. आठवडाभराने दुसरा ओढावा, आणि काही महिन्यांनी क्रम उलटा करून हीच तुलना पुन्हा करावी. दोन्ही वेळा उत्तर एकच आले तर त्यावर विसंबायला हरकत नाही. निराळे आले, तर पेटी कोणत्याच बाजूची घेऊ नये. काही काळ दोन्हींचे सुटे सिगार घेत राहावे.